दिंडीतला गळा, वर्गातला रियाज

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, बेलवाडी, इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. दिंडीतला भजनी गळा उघड्या माळावर वरच्या पट्टीत मोकळा लागतो. गायनवर्गात मात्र हाच आवाज बहुधा ‘कच्चा’ ठरतो, आणि ते मला पटत नाही. खर्जाचा रियाज पाया देतो, हे खरंच. पण तारसप्तकात शब्द न चिरडता सूर फेकणं भजनाच्या चाली शिकवतात. जात्यावरची ओवी तर दमसासाचा धडाच, कारण दळणाच्या फेऱ्यांशी तिची ओळ जुळते. तुर्कस्तानातल्या अनातोलियाची ‘बोझलाक’ गायनशैलीही भजनासारखीच उंच, मोकळी. गळा बसेल, ही भीती खोटी नाही. पण तो बसतो ताणाने, न झेपणाऱ्या पट्टीने. टाळकरी आळीपाळीने चाल उचलतात, तेवढी उसंत वर्गातही हवी.