जिवाणूंचा अल्पायुषी संदेश आणि पुराव्याचा शोध

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली आणि आता पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राचे उच्च शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भेटावयास आली होती. बोलता बोलता तिने विचारले, "सर, जिवाणूंच्या संदेशवाहक आरएनएला पुच्छ नसते, असे आमच्या टिपणांत आहे. पण एखादी गोष्ट सापडत नाही म्हणजे ती नसतेच का?" प्रश्न विज्ञानाचा होता, तरी इतिहासाच्या शिक्षकालाही तो टाळता येण्याजोगा नव्हता. त्या निमित्ताने केलेल्या वाचनाचे सार विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडीत आहे.

पेशीतील डीएनए हा मूळ दस्तऐवज होय. त्यातील आवश्यक तेवढ्या मजकुराची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने तयार होते आणि ती वाचून रायबोझोम प्रथिने घडवितात. मानव, प्राणी व वनस्पती यांच्या पेशींत बहुतेक संदेशांच्या शेवटी ॲडेनिन या एकाच घटकाची लांबलचक माळ जोडलेली असते. तिलाच पॉली-ए पुच्छ म्हणतात. सस्तन प्राण्यांत ते सुमारे दोनशे ते अडीचशे घटकांचे असते. संदेशाचे आयुष्य व वाचन टिकविण्यास ते साहाय्य करते.

हे पुच्छ संशोधकांच्या फार उपयोगी पडले. ॲडेनिनची जोडी थायमिनशी जुळते. म्हणून थायमिनच्या छोट्या माळा सेल्युलोजच्या कणांवर बसवून त्यांवरून पेशीचा सर्व आरएनए क्षारयुक्त द्रावणात सोडला, की पुच्छ असलेले संदेश तेथे अडकतात व बाकीचे वाहून जातात. नंतर क्षाराचे प्रमाण कमी करताच अडकलेले संदेश सुटतात. पेशीतील आरएनएचा फार मोठा भाग रायबोझोमचा असतो आणि संदेशांचा वाटा अगदी थोडा. त्या गर्दीतून नेमके संदेश वेचण्याची ही युक्ती प्रयोगशाळांत रुळली.

जिवाणूंवर ती योजली असता हाती फारसे काही लागेना. त्यामुळे जिवाणूंना पुच्छच नसते, अशी समजूत दृढ झाली. वास्तविक आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत पुच्छ जोडणारे विकर ऑगस्ट, ऑर्टिझ आणि हरविट्झ यांनी १९६२ मध्येच दाखविले होते. १९७५ मध्ये नाकाझाटो, वेंकटेशन आणि मेरी एडमंड्स यांनी ई. कोलायच्या संदेशातील पॉली-ए भागांची नोंद केली. तरीही पाठ्यपुस्तकांवरील जुना ठसा पुसला गेला नाही.

अडचण पद्धतीत होती. जिवाणूंतील पुच्छ आखूड असते, बहुधा काही दशक घटकांचेच. ते एका वेळी सर्व संदेशांना नसते. शिवाय जिवाणूंचा संदेश काही मिनिटांतच नष्ट होतो, त्यामुळे रेंगाळणाऱ्या प्रक्रियेत पुरावा हातातच विरून जातो. १९८१ मध्ये गोपालकृष्ण, लँगली आणि निलीमा सरकार यांनी एकाच टप्प्यात आरएनए वेगळा करण्याची पद्धत वापरली आणि जिवाणूंत पॉली-ए असलेला आरएनए मोठ्या प्रमाणात आढळल्याचे प्रसिद्ध केले.

अडकलेला प्रत्येक आरएनए पुच्छधारीच असेल, असे मात्र मानून चालत नाही. संदेशाच्या मधोमध ॲडेनिनचा दाट भाग असला तरी तो अडकू शकतो. म्हणून ॲडेनिन सोडून अन्य घटकांपाशी आरएनए तोडणारी विकरे वापरतात. त्यांच्या तडाख्यातून उरते ती निखळ ॲडेनिनची माळ. ती टोकाशीच होती काय, हेही तपासावे लागते. पुढे १९९२ मध्ये काओ आणि सरकार यांनी ई. कोलायमधील पुच्छ जोडणाऱ्या मुख्य विकराचे जनुक ओळखले. आता जनुक निकामी करून फरक पडताळता येऊ लागला.

यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. आपल्या पेशींत संदेशाला आधार देणारे पुच्छ जिवाणूंत बहुधा त्याच्या विनाशाला गती देते. संदेश कुरतडणाऱ्या विकरांना त्या मोकळ्या टोकावर पाय रोवता येतो. म्हणजे चिन्ह एकच असले तरी त्याचा अर्थ संदर्भाने ठरतो.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. मावळानजीकच्या हिंजवडी येथील जेनोवा कंपनीने तयार केलेल्या देशातील पहिल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. अशा लशींच्या संदेशाला पॉली-ए पुच्छ द्यावे लागते आणि त्याचा डीएनए-साचा सामान्यतः ई. कोलाय जिवाणूंतच वाढवितात.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. कार्ल्याच्या लेण्यात दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव तेथे वाचता येते. पण छिन्नी चालविणाऱ्या असंख्य हातांची नावे दगडावर नाहीत. म्हणून ते हात नव्हतेच, असे कोणी म्हणेल काय? पुराव्याची साखळी तुटलेली असेल तेथे इतिहासकाराने तर्काच्या साहाय्याने दुवे शोधावेत, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मांडली. तर्कालाही अर्थातच पडताळणी हवी. ती नसेल तर मधोमधच्या ॲडेनिनलाच पुच्छ समजण्याची चूक होते.

म्हणून मी तिला एवढेच सांगितले, "टिपणात 'नाही' असे लिहिलेले दिसले, की ते कोणी, कोणत्या साधनाने आणि किती वेळ शोधले, हे आधी विचार." आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हा प्रश्न सोबत न्यावा, ही सदिच्छा.