अंजीर वाट पाहत नाही

दिवे घाट चढून सासवडच्या वाटेला लागलं, की पुणेकराला दोन फळं आठवतात. सीताफळ आणि अंजीर. सीताफळ जरा कच्चं आणलं तरी घरात पिकतं. आंब्याची तर आपण अढीच लावतो. अंजिराचं तसं नाही. खुडल्यावर ते मऊ पडेल, पण त्याची गोडी वाढत नाही. हे मला उशिरा कळलं.

अम्मी मोठ्या आजारातून उठत होती. तिला अंजीर खावंसं वाटलं. मी मंडईतून चांगली टणक, हिरवट अंजिरं निवडून आणली. म्हटलं, रविवारपर्यंत पिकतील, भाऊ-बहिणी आल्या की सगळे मिळून खाऊ. रविवारी अम्मीनं एक घास घेतला आणि फळ बशीत ठेवलं. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी फळवाल्या मावशींना गाठलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ''भाऊ, टणक बघून घ्यायला अंजीर म्हणजे काय बटाटा आहे?''

मग त्यांनी शिकवलं. पिकलेल्या अंजिराची मान सैल पडते. रंग जांभळट होतो, सालीवर बारीक चिरा दिसतात. त्या चिरांना भिऊ नये. देठाशी पांढरा चीक दिसला तर फळ कच्चं, आंबूस वास आला तर उतरलेलं. आणि दाबून पाहू नये. आपण दाबलेलं फळ पुढचं गिऱ्हाईक घेत नाही, नुकसान मात्र विकणाऱ्याचं होतं.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे बहर दोन. थंडीतला खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मीठा. नावातच चव आली. आणखी एक गंमत म्हणजे, आपण ज्याला फळ म्हणतो तो खरं तर आत वळलेला फुलोरा आहे. शेकडो इवली फुलं एका पिशवीत. काही परदेशी जातींना फळ धरायला एक चिमुकली गांधीलमाशी लागते. आपल्या पुणेरी अंजिराला ती लागत नाही.

घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका. पसरट ताटलीत एकेक सुटं मांडून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस टिकेल. खाण्याआधी धुवा, थोडा वेळ बाहेर ठेवा, म्हणजे चव उमलते. साल काढायची गरज नाही.

त्या दिवशी मी सहाच अंजिरं घेतली. रविवारची वाट पाहिली नाही. संध्याकाळी अम्मीनं तीन खाल्ली आणि चौथं माझ्या हातात ठेवलं.