भोपळ्याची सोयरीक कुणाशी जुळते?

घरच्या बटरनट भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून जपून ठेवाव्यात, पुढच्या पावसाळ्यात टोकाव्यात आणि वेलीला जे लागेल ते ना धड बटरनट, ना धड डांगर! परसबागवाल्यांची ही नेहमीची तक्रार. खापर फुटतं मातीवर. खरी कारभारीण मात्र मधमाशी, एका वेलीचा पराग ती दुसरीवर नेते.

कोणाशेजारी काय लावायचं हे ठरवताना फळाच्या रंगरूपावर जाऊ नये, देठ पाहावा. त्यावरून प्रजाती कळते, आणि सोयरीक जुळते ती सहसा एकाच प्रजातीत. आपल्या बाजारातला तांबडा भोपळा, म्हणजे डांगर, बहुधा कुकुर्बिटा मोस्चाटा या प्रजातीचा असतो. त्याचा देठ टणक, पाच धारांचा आणि फळाला टेकतो तिथे फाकलेला. मॅक्झिमा या दुसऱ्या प्रजातीचा देठ गोल, जाड, मऊसर. झुकिनी पेपो प्रजातीतली. तिचा देठ धारदारच, पण खाली फारसा फाकत नाही. बटरनट दिसतो परदेशी पाहुणा, पण आहे मोस्चाटाच, म्हणून डांगराशी त्याचं लगेच जमतं. उलट बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का चंदन’ हे मोस्चाटा वाण आणि ‘अर्का सूर्यमुखी’ हे मॅक्झिमा वाण शेजारी लावले, तरी सहसा बिघडत नाही. दुधी आणि कोहळा यांचे तर वंशच निराळे. दुधीची पांढरी फुलं उमलतात तीही संध्याकाळी.

शेजारच्या वेलीमुळे यंदाचा भोपळा बेचव झाला, ही समजूत मात्र खोटी. गर आणि साल आईच्याच पेशींची असते. सरमिसळ होते ती बीमध्ये, आणि दिसते पुढच्या पिढीत.

वाण शुद्ध राखायचं तर परागीकरण आपल्या हातांनी करावं. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक आदल्या संध्याकाळी पिवळं पडतं. मादी कळीखाली इवलासा भोपळा असतो, नर कळीखाली नुसता बारीक दांडा. एकाच वाणाच्या दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधावीत. सकाळी लवकर नर फूल खुडून पाकळ्या काढाव्यात, पराग मादी फुलातल्या जाडसर कुक्षीवर घासावेत, फूल पुन्हा बांधावं आणि देठाला रंगीत दोरा अडकवावा. उशीर करून चालत नाही, दुपारपर्यंत फुलं मिटतात. सुरुवातीला नुसतीच नर फुलं येतात. त्यात काळजीचं काही नाही. जास्तीच्या फुलांची भजी करावीत. दोरा बांधलेलं फळ सालीत नख रुतेनासं होईपर्यंत वेलीवरच राहू द्यावं, आणि काढल्यावर दोन-तीन आठवड्यांनीच चिरावं.

पेपोच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. शोभेचे छोटे रंगीत भोपळे बऱ्याचदा याच प्रजातीतले असतात आणि त्यांच्यात कुकुर्बिटासिन हे कडू, विषारी द्रव्य असतं. त्यांचा पराग झुकिनीला लागला, तर त्या बियांच्या पुढच्या फळांत कडवटपणा उतरू शकतो. शिजवून तो जात नाही. दुधी चिरताना आपण चाखतो, तशीच घरच्या बियांच्या झुकिनीची इवली फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून द्यावी, फळ फेकावं आणि वेलही उपटून टाकावी.