आंदणात दिलेली मुंबई

सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई! आमच्या चिंचोळी एमआयडीसीच्या आसपास घरटी कुणीतरी नोकरीसाठी नाहीतर दवाखान्यासाठी तिकडं जाऊन आलेलं असतं. पण ही मुंबई एका मुलीच्या लग्नात आंदण दिलेली होती, हे किती जणींना ठाऊक आहे?

तेव्हाची मुंबई म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटं. मध्ये खाड्या आणि दलदल. मुंबादेवीला मानणारे कोळी इथले जुने रहिवासी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसईच्या तहात ही बेटं पोर्तुगिजांना दिली. पुढं १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरलं, आणि करारात मुंबई त्याच्या नावे लिहून दिली गेली. ज्या मुलीच्या लग्नात ती दिली, तिनं मुंबई कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. नवऱ्यानं १६६८ मध्ये वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तिला विचारतो कोण?

पुढं बांध घालून, भराव टाकून बेटं जोडली गेली. पण माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होतीच. ये-जा होडीनं, जीव मुठीत धरून. सरकार रस्ता बांधायला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले. मात्र एक अट घातली, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही! १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. आजही त्या वाटेनं माणसं जातात.

मैत्रिणींनो, संपत्ती दोघींच्याही नावाशी जोडलेली. एकीच्या नावानं दिली गेली, पण हक्क नवऱ्याचा. दुसरीनं स्वतः दिली आणि अटही स्वतःच घातली. फरक आहे तो इथंच.

त्या करारानंतर बरोबर ३०० वर्षांनी, १९६१ मध्ये, आपल्याकडं हुंडाबंदीचा कायदा आला. तरी बचत गटाच्या बैठकीत अजून ऐकू येतं, "माझं सोनं सासरच्यांनी गहाण टाकलं, मला नंतर कळलं." खरं तर स्त्रीधन हे पूर्णपणे बाईचंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून तिच्यावर वधूवरांच्या सह्या घ्याव्यात, असा नियमही त्याच वर्षीचा आहे.

म्हणून मुलीच्या लग्नात मानपानाची यादी करता, तशी हीही यादी करा. दागिन्यांच्या पावत्या तिच्याच हातात द्या, बँकेतलं खातं तिच्याच नावानं काढा. "आपल्यात असं काही लागत नाही" म्हणणारे खूप भेटतील. भेटू देत! राजाच्या घरीसुद्धा ते लागलं असतं.