परवाना माफ, कसोटी कायम : अल्पशक्ती बिनतारी उपकरणांचे प्रमाणन

टोल नाक्यावर वाहनाच्या काचेवरील फास्टॅग ज्या लहरींनी वाचला जातो, त्या 865 मेगाहर्ट्झच्या वरच्या एका अरुंद पट्ट्यातील असतात. शेतातील ओलावा मोजून कित्येक किलोमीटर दूर कळविणारे सेन्सरही याच पट्ट्याचा आधार घेतात. घरातील वाय-फाय आणि ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार असे कोणतेही यंत्र जवळ बाळगण्यास परवाना आवश्यक होता. हे दोन्ही पट्टे 2005 मध्ये अधिसूचनांद्वारे परवानामुक्त करण्यात आले. पहिला पट्टा त्या वेळी 865 ते 867 मेगाहर्ट्झ असा होता. 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढविण्यात आला. या मुक्ततेवाचून देशातील बिनतारी उपकरणांचा आजचा बाजार उभाच राहिला नसता.

तथापि, परवान्यातून मिळालेली सूट ही तपासणीतून मिळालेली सूट नव्हे. मुक्त पट्टा हा एक प्रकारे गावचे गायरान आहे. तेथे इतरांना व्यत्यय आणता येत नाही आणि स्वतःला व्यत्यय झाल्यास संरक्षण मागता येत नाही. परवाना असता तर कोण, कोठून आणि किती शक्तीने प्रक्षेपण करतो याची नोंद शासनाकडे राहिली असती. ती नोंद नसल्यामुळे तपासणीचा सारा भार उपकरण बाजारात येण्यापूर्वीच्या टप्प्यावर पडतो. भारतात दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून प्रत्येक प्रारूपासाठी उपकरण मान्यता घ्यावी लागते. 2019 पासून अनेक सामान्य उपकरणांना ही मान्यता उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर, ऑनलाइन मिळू लागली. कागदपत्रांचा विलंब त्यामुळे घटला, मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या चाचणी अहवालाची गरज संपली नाही.

प्रयोगशाळेत नेमके काय पाहिले जाते? अल्पशक्ती उपकरण शक्तीच्या मर्यादेत बसले की उत्तीर्ण झाले, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात भारतीय नियम 1 वॅट प्रक्षेपणशक्ती आणि अँटेनासह 4 वॅट परिणामकारक शक्तीपर्यंत मुभा देतात, तर ब्लूटूथचे छोटे उपकरण पुष्कळदा एका वॅटच्या हजाराव्या भागावर चालते. शक्तीच्या कसोटीत ते सहसा अडत नाही. अडते ते पट्ट्याबाहेर सांडणाऱ्या लहरींपाशी. मूळ वारंवारतेच्या दुपटीवर, म्हणजे 4.8 गिगाहर्ट्झच्या सुमारास, नको असलेले उत्सर्जन आढळते. पट्ट्याची कडही त्रासदायक ठरते. ब्लूटूथ लो एनर्जीची सर्वांत वरची वाहिनी 2480 मेगाहर्ट्झवर आहे आणि अमेरिकी नियमांनुसार 2483.5 पासून पुढचा पट्टा प्रतिबंधित आहे. अंतर जेमतेम साडेतीन मेगाहर्ट्झचे! त्यात प्लास्टिकचे कवच किंवा शेजारची बॅटरी अँटेनाचे गुणधर्म बदलते. त्यामुळे टेबलावर उघडे ठेवून उत्तम चाललेले उपकरण पेटीत बसविल्यावर नापास होणे, ही काही नवलाची गोष्ट नाही.

निर्यातीचा विचार करता चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. युरोपने 868 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा खुला ठेवला आहे, अमेरिकेने 902 ते 928 मेगाहर्ट्झचा. भारतीय शेती-सेन्सर किरकोळ फेरफारांनी युरोपात जाऊ शकतो, परंतु अमेरिकेसाठी त्याची अँटेना नव्याने जुळवावी लागते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वत्र समान असला तरी युरोपात वाय-फाय आणि ब्लूटूथ उपकरणांची परिणामकारक शक्ती 100 मिलिवॅटपर्यंतच मर्यादित आहे. याखेरीज ब्लूटूथ हे नाव व चिन्ह वापरण्यासाठी त्या तंत्रज्ञानाची मालकी असलेल्या उद्योगसंघाकडे प्रत्येक उत्पादनाची घोषणा करावी लागते. साधे सदस्यत्व विनाशुल्क असले तरी अशा सदस्याला एका घोषणेसाठी अनेक वर्षे 8 हजार डॉलर मोजावे लागत. आधीच पात्र ठरलेला तयार भाग आत बसविला म्हणून ही घोषणा टळत नाही, याची जाणीव अनेक नव्या उद्योजकांना उशिरा होते. देशांतर्गत विक्रीसाठी मनगटी स्मार्ट घड्याळासारख्या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची सुरक्षाविषयक नोंदणीही लागते.

हा सर्व स्थिर खर्च आहे आणि लहान उत्पादकाची खरी अडचण येथेच आहे. समजा, चाचण्या व घोषणांचा एकत्रित खर्च 12 लाख रुपये आला. एक लाख नग विकणाऱ्यास तो नगामागे 12 रुपये पडतो, एक हजार नग विकणाऱ्यास 1200 रुपये. अशा वेळी पूर्वप्रमाणित रेडिओ मोड्यूल घेणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. मोड्यूल सुट्या चिपपेक्षा 150 रुपयांनी महाग असेल आणि त्यामुळे चाचण्यांचे 6 लाख रुपये वाचत असतील, तर 4 हजार नगांपर्यंत मोड्यूलच किफायतशीर होय. अमेरिकेत अशा मोड्यूलचा मूळ ओळखक्रमांक तयार वस्तूवर दाखवून काम भागते. मात्र वेगळ्या प्रकारची अँटेना जोडल्यास ती सवलत टिकत नाही, आणि उर्वरित मंडलाच्या उत्सर्जनाची जबाबदारी उत्पादकावरच राहते.

नापास झालेली चाचणी ही सर्वांत महाग चाचणी होय. कवचाचा साचा तयार होण्यापूर्वी दोष आढळल्यास एखादा छोटा सुटा भाग बदलून काम होते, नंतर आढळल्यास साचाच मोडीत निघतो. मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे प्रयोगशाळा असलेली समीर ही संस्था आणि एसटीक्यूसीची केंद्रे यांसारख्या सार्वजनिक यंत्रणांमध्ये लघुउद्योगांना प्राथमिक चाचणीचे काही तास सवलतीने मिळाले, तर त्यावर होणारा सरकारी खर्च अनेक अनुदानांपेक्षा अधिक फलदायी ठरेल.

प्रमाणपत्र एकदा मिळाले की काम संपते, असेही नाही. 1 ऑगस्ट 2025 पासून इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या बिनतारी उपकरणांना युरोपात सायबर सुरक्षेच्या अटीही लागू झाल्या आहेत. त्यामुळे रेडिओच्या कसोट्या पूर्वी पार केलेल्या भारतीय उपकरणाला तेथील विक्री चालू ठेवण्यासाठी आता संकेतशब्द आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची पद्धत यांचीही तपासणी करून घ्यावी लागते.