लाजेने पाळणा लांबत नाही

वाचकहो, आपल्या घरात बारशाची बोलणी मोठ्या हौसेने होतात. पण गर्भ राहतो कसा, हे कोणी सांगत नाही. आई मुलीला सांगत नाही. बाप मुलाला सांगत नाही. मग नवराबायको ऐकीव गोष्टींवर विसंबतात. एक मूल अंगावर पीत असते, तोच दुसऱ्याची चाहूल लागते. बाईची ताकद खचते. घराची ओढाताण होते. म्हणून या पाठात दोन गोष्टी उघड शब्दांत सांगतो. गर्भ केव्हा राहतो, ही एक. निरोध नीट कसा वापरावा, ही दुसरी.

गर्भ केव्हा राहतो?

बाईच्या पोटात दर महिन्याला साधारण एक बीज तयार होते. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी ते सुटते. ते जेमतेम एक दिवस टिकते. पण पुरुषाच्या वीर्यातले शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे संबंध चार दिवसांपूर्वी आला आणि बीज आज सुटले, तरी गर्भ राहू शकतो. शिवाय पाळी कधी लवकर येते, कधी उशिरा. म्हणून नुसते दिवस मोजून निर्धास्त राहू नये.

लोक काय काय म्हणतात, तेही पाहू.

“एकदाच तर झाले!” एकदाही पुरे होते.

“वीर्य बाहेर सांडले.” त्याआधी जो ओलावा येतो, त्यातही शुक्रजंतू असू शकतात.

“लगेच धुऊन काढले.” शुक्रजंतू तोवर पुढे गेलेले असतात.

“मूल अंगावर पिते आहे.” मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी परत आली नसेल, तरच हा भरवसा बराचसा खरा. तिन्हींपैकी एक गोष्ट सुटली की भरवसा संपला.

हे ज्ञान सुखासुखी आलेले नाही

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव पुण्यात कोणाला ठाऊक नाही? त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. पण त्यांनी काम सोडले नाही. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. त्यावरून त्यांच्यावर खटले झाले.

आमच्या येरवड्याच्या तुरुंगात १९३२ साली पुणे करार झाला. त्यात गांधीजी आणि डॉक्टर आंबेडकर ही दोन माणसे समोरासमोर होती. संततिनियमनाबाबतही दोघांची मते वेगळी होती. गांधीजी म्हणत, संयम हाच उपाय. आंबेडकर साधने वापरण्याच्या बाजूचे होते. १९३४ साली कोर्टात रघुनाथरावांची बाजू त्यांनीच मांडली. खटला हरला, पण विचार हरला नाही. १९५२ साली देशात सरकारी कुटुंबनियोजन सुरू झाले. १९६८ साली निरोध बाजारात आला. तेव्हा १५ पैशांना तीन मिळत.

निरोध कसा वापरावा?

एक गोष्ट गावोगाव सांगतात. एका आरोग्यसेवकाने लाजून निरोध आपल्या अंगठ्यावर चढवून दाखवला. ऐकणारा गडी घरी गेला. रोज रात्री इमाने इतबारे अंगठ्यावर निरोध चढवू लागला. तरी बायकोला दिवस गेले! आपल्याला हसू येते. पण चूक गड्याची नव्हती, सांगणाऱ्याच्या लाजेची होती. म्हणून इथे नाव घेऊनच सांगतो. निरोध पुरुषाच्या लिंगावर चढवायचा असतो. तो असा :

१. पाकिटावरची तारीख पाहा. मुदत संपली असेल तर टाकून द्या.

२. पाकीट हाताने कडेने फाडा. दात किंवा कात्री लावू नका.

३. लिंग ताठ झाल्यावर, पण योनीला स्पर्श होण्याआधीच निरोध चढवा.

४. गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला ठेवा. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि निरोध पार मुळापर्यंत उलगडा. चुकून उलटा लावला गेला, तर तो टाका आणि नवा घ्या.

५. खोबरेल, तूप, व्हॅसलीन लावू नका. त्याने रबर कमजोर होऊन फाटते.

६. वीर्य पडल्यावर लिंग ढिले पडण्याआधीच, निरोधाची कड मुळाशी धरून बाहेर काढा.

७. गाठ मारा, कागदात गुंडाळा आणि केराच्या डब्यात टाका. संडासात टाकू नका.

दर वेळी नवा निरोध घ्या. दोन एकावर एक घालू नका. ते एकमेकांवर घासून फाटतात. पत्र्याखाली, उन्हात किंवा खिशातल्या पाकिटात दिवसेंदिवस ठेवू नका.

वर्षभर दर वेळी असा नीट वापर केला, तर १०० जोडप्यांपैकी सुमारे दोघांकडेच गर्भ राहतो. पण माणसे कधी विसरतात, कधी उशिरा चढवतात. मग हा आकडा सुमारे १३ वर जातो. हा फरक रबराचा नाही, हाताचा आहे. शिवाय निरोधाने एड्स, गरमी यांसारख्या संबंधातून लागणाऱ्या रोगांपासूनही बराच बचाव होतो.

चुकलेच तर?

निरोध फाटला किंवा निसटला, तर घाबरून बसू नका. त्यासाठी गोळी मिळते. ती ७२ तासांच्या आत घ्यावी. जितकी लवकर, तितकी गुणकारी. मात्र ती नेहमीचा उपाय नव्हे. पाळी चुकली तर लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे त्याची पट्टी मिळते. गर्भ नको असेल, तर झाडपाला किंवा भोंदू यांच्या नादी लागू नका. त्यात जीव जातो. १९७१ च्या कायद्याने दवाखान्यात गर्भपाताची सोय आहे. डॉक्टरांकडे लवकर जा.

निरोध प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात आणि सरकारी रुग्णालयात फुकट मिळतो. मागायला लाजू नका.

मूल केव्हा हवे, हे नवराबायकोने मिळून ठरवायचे असते. तेव्हा हा पाठ एकट्याने वाचून ठेवून देऊ नका. दोघांनी बसून वाचा. एकाला अक्षर लागत नसेल, तर दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे.