मृत्यूच्या दाखल्यातील एक ओळ

घरातील माणूस पहाटे अंथरुणात निश्चेष्ट आढळले, की पहिल्या तासात कुटुंबाकडून नकळत एक मोठा निर्णय घेतला जातो. वारज्यातील एखाद्या सोसायटीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. खाली नातलग जमू लागलेले असतात, परदेशातील मुलाला फोन लागलेला असतो, आणि कोणीतरी ओळखीच्या डॉक्टरांना विनवीत असते, "डॉक्टर, हार्ट अटॅक लिहून द्या. पोलीस, ससून, चिरफाड हे सगळे कशाला?" ही विनंती दुःखातून येते, म्हणून तिला कठोर शब्दांत उत्तर देणे अवघड जाते. परंतु दाखल्यावरील ती एक ओळ पुढे सत्य म्हणून उभी राहते आणि तिच्याआड काय काय झाकले जाऊ शकते, हे याच पुणे शहरातील एका जुन्या खटल्याने दाखवून दिले आहे.

१२ नोव्हेंबर १९५६ रोजी रात्री पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा आपले परिचित डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत रेल्वेने मुंबईस निघाल्या. प्रकृती तपासून घेणे हा प्रवासाचा हेतू होता. दुसऱ्या दिवशी पहाटे डॉ. लागू यांनी त्यांना बेशुद्धावस्थेत मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले. मात्र नाव सांगितले ते दुसऱ्याच स्त्रीचे. शुद्धीवर न येताच दुपारपूर्वी त्यांचे निधन झाले. रुग्णालयाने पुण्याला कळविले, तेव्हा डॉ. लागू यांनी उत्तर धाडले की मृत स्त्रीचे बंधू कलकत्त्याहून येऊन शव ताब्यात घेतील. असे कोणीही आले नाही. बेवारस ठरलेला तो देह विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. तेथे मानेवरील एका खुणेने शंका आली, म्हणून सुमारे दहा दिवसांनी शवविच्छेदन झाले. रासायनिक तपासणीत विष आढळले नाही आणि मृत्यूचे कारण लिहिले गेले : मधुमेहजन्य मूर्च्छा.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली. त्यांनी पुनर्विवाह केला असून त्या दूर गावी सुखात आहेत, असा त्यांचा आशय. त्या अवधीत त्यांची मालमत्ता डॉ. लागू यांच्या हाती जात होती. आप्तांच्या तक्रारींनंतर पोलीस तपास झाला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने बहुमताने फाशीची शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा, की प्रयोगशाळेत विष सापडलेच पाहिजे असा नियम नाही. सर्व परिस्थिती एकत्र पाहून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो. मधुमेहजन्य मूर्च्छेचे निदानही बहुमताने स्वीकारले नाही. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच निःसंशय ठरत नाही, असे त्यांना वाटले. विष हाती नसताना फाशी द्यावी काय, हा त्यांचा प्रश्न आजही हलक्याने घेण्यासारखा नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण दोन्ही मतांमागची अडचण एकच होती. तपासणी उशिरा झाली, आणि ती झाली तेव्हा त्या देहाला स्वतःचे नावही नव्हते.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरात खून होतो. म्हणूनच या खटल्यावरून आपण चुकीचा धडा घेऊ नये. अचानक मृत्यूचे कारण शोधण्याची गरज बहुधा मागे राहिलेल्यांसाठी असते. गॅस गिझरचे उदाहरण घ्या. बंद, लहान स्नानगृहात गॅस अपुरा जळाला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला कितीतरी अधिक घट्ट धरून ठेवते आणि अंघोळीस गेलेली व्यक्ती कोणालाही हाक न मारता कोसळते. अशा देहावर मृत्यूनंतर जमणारे रक्ताचे डाग नेहमीप्रमाणे जांभळट न दिसता लालसर गुलाबी दिसतात. सावळ्या त्वचेवर ते नखांखाली व ओठांवर अधिक स्पष्ट कळतात. रक्ताची तपासणी ते पक्के करते. येथे कोणी 'हृदयविकार' लिहून दिले, तर अंत्यसंस्कार उरकून घरी परतलेली माणसे त्याच स्नानगृहात, तोच गिझर लावून अंघोळ करतात.

हृदयाचेही तसेच. तिशीतील तरुण खेळताना पडून गेला आणि शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला, तर तो विकार अनुवांशिक असू शकतो. अशा वेळी सख्ख्या भावंडांत आणि मुलांत तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. भावंडांची वेळेवर इकोकार्डिओग्राफी झाल्यास दुसरा मृत्यू टळू शकतो. 'अटॅक आला' एवढ्यावर थांबलेल्या कुटुंबाला ही सूचना मिळतच नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू, कारण भीती बहुतांशी अज्ञानाची आहे. बऱ्याच दिवसांच्या ज्ञात आजाराने, नियमित उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली मृत्यू झाला असेल, तर तेच डॉक्टर कारणाचे प्रमाणपत्र देतात आणि पोलिसांचा संबंध येत नाही. मृत्यू आकस्मिक, अपघाती वा अनाकलनीय असेल तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पोलीस पंचांसमक्ष पंचनामा करतात आणि कारणाविषयी शंका असल्यास देह शवविच्छेदनासाठी पाठवितात. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा आत्महत्येने वा संशयास्पद मृत्यू झाल्यास याविषयी कायदा अधिक कडक आहे. विच्छेदनाचा छेद छाती-पोटावर असतो, डोक्यावरील छेद केसांत लपतो, आणि सर्व शिवून देह परत मिळतो. चेहरा विद्रूप होत नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दर्शनाची चिंता अनेक कुटुंबांना याच कारणाने मागे खेचते.

'व्हिसेरा राखून ठेवला' हे शब्द ऐकले की शेजारी कुजबुजू लागतात. त्याचा अर्थ विष सापडले असा नव्हे. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे अंश न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासण्यासाठी ठेवले, एवढाच. अहवालास बरेच दिवस लागू शकतात. आणि अहवाल निरंक आला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. शरीरात लवकर विघटन होणारे पदार्थ नेहमीच्या तपासणीत निसटतात. १९५७ मध्ये इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे केनेथ बार्लो या परिचारकाने पत्नीला इन्सुलिन टोचून मारले, तेव्हा सुईच्या खुणांखालील ऊतींचा अर्क उंदरांना टोचून तज्ज्ञांनी ते सिद्ध केले. खुणा कोणीतरी बारकाईने पाहिल्या होत्या, म्हणून ते शक्य झाले.

तेव्हा असा प्रसंग ओढवलाच, तर प्रथम १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जीव आहे की नाही, हे आपण ठरवू नये. स्नानगृहात कोणी कोसळले असेल तर श्वास रोखून दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा आणि त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा. माणूस गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की देह व अंथरूण आहे तसे राहू द्या. पेला, औषधांच्या पट्ट्या, उलटीचे भांडे धुऊ नका. शेवटचे खाणे केव्हा झाले आणि शेवटचे बोलणे कोणाशी झाले, ते त्याच वेळी कागदावर लिहून ठेवा. दुपारपर्यंत घरातल्या चार जणांच्या चार वेळा झालेल्या असतात.